कागदपत्रं नसलेल्यांना वर्क व्हिसा : द्यायचा तर नेमका कसा?

धोपटमार्गी
अमेरिकेतल्या बेकायदा स्थलांतरितांवरचा कुठलाही धागा चौथ्या प्रतिसादापर्यंत "सगळ्यांना हाकला" विरुद्ध "माणुसकी आहे की नाही" यावर येऊन पोचतो. म्हणून मुद्दाम अरुंद प्रश्न विचारतोय.

अशा लोकांचा प्यू रिसर्चचा २०२३ चा अंदाज १ कोटी ४० लाख आहे, होमलँड सिक्युरिटी खात्याचा जानेवारी २०२२ चा १ कोटी १० लाख. कुठलाही धरा. एवढ्यांना परत पाठवणं होणार नाही आणि एवढ्यांना नागरिकत्व देणारं विधेयक काँग्रेसमधून निघणार नाही. माझं मत असं की नागरिकत्वाचा विषयही न काढता फक्त कामाचा व्हिसा द्यावा. दंड भरा, बोटांचे ठसे द्या, गुन्हा नसेल तर दर तीन वर्षांनी नूतनीकरण करा.

प्रश्न दोनच. हे आजच्या कायद्यात बसतं का? आणि तो व्हिसा मालकाच्या हातात असावा की कामगाराच्या?

खिडकीपाशी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चौथा प्रतिसाद कोणाचा ते बघू.

कलमकसाई
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही बसत. का नाही, ते नीट सांगतो, कारण "फक्त व्हिसा द्या" म्हणणाऱ्या बहुतेकांना मधला अडथळा ठाऊक नसतो.

व्हिसा मिळतो परदेशातल्या वकिलातीत. म्हणजे माणसाने आधी देशाबाहेर जायला हवं. आणि १९९६ च्या कायद्याने बाहेर जाण्यालाच सापळा लावून ठेवलाय. १८० दिवसांहून जास्त पण एक वर्षाच्या आत बेकायदा राहून बाहेर पडलात तर ३ वर्षं बंदी. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर १० वर्षं. एकूण वर्षाहून जास्त बेकायदा राहून बाहेर गेलात आणि पुन्हा चोरून सीमा ओलांडलीत, तर कायमची बंदी. तिच्यावर माफीचा अर्ज करायलासुद्धा आधी दहा वर्षं बाहेर काढावी लागतात.

मग देशातच राहून स्टेटस, म्हणजे राहण्याचा कायदेशीर दर्जा, बदलता येईल का? तिथे दोन गट पडतात. व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर राहिले, त्यांची "तपासणी होऊन प्रवेश" अशी नोंद असते. अशा माणसाचं अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं तर ग्रीन कार्ड देशातच होतं. पण नोकरीच्या आधारावर करायचं तर स्टेटसबाहेरचे आणि विनापरवाना कामाचे दिवस मिळून १८० च्या आत हवेत. दुसरा गट सीमा चालत ओलांडून आलेला. त्यांना देशात राहून बदल करायचं दार जवळजवळ बंद आहे. कलम २४५(आय) नावाची खिडकी होती, १,००० डॉलर दंड भरून. पण तिच्यासाठी ३० एप्रिल २००१ पर्यंत कोणीतरी तुमच्या नावाने अर्ज दाखल केलेला असावा लागतो.

तेव्हा १९९६ च्या बंद्या आणि २४५ ची अट, या दोन्हींना हात लावल्याशिवाय "वर्क व्हिसा" हे नुसतं भाषण आहे.

अवलिया_००७
कलमकसाई, आयडी सार्थ केलात :)
पण बंदीवर माफी मिळते ना? ६०१ए की काय तो फॉर्म?

कलमकसाई
मिळते. आय-६०१ए देशात राहूनच भरता येतो आणि मंजूर झाल्यावर मुलाखतीला बाहेर जायचं असतं. पण नवरा, बायको किंवा आईवडील यांच्यापैकी कोणीतरी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवं आणि त्यांना "पराकोटीचा त्रास" होईल हे सिद्ध करावं लागतं. मुलं या हिशोबात धरत नाहीत, अमेरिकेत जन्मलेली असली तरी. शिवाय ही माफी फक्त ३ आणि १० वर्षांच्या बंदीपुरती. मुलाखतीत अधिकाऱ्याला दुसरं काही सापडलं, उदाहरणार्थ जुनी डिपोर्टेशन ऑर्डर किंवा दोनदा सीमा ओलांडल्याची नोंद, तर माफी तिथेच रद्द आणि माणूस बाहेरच अडकला.

ठोकताळे
पण मग कागदपत्रं नसलेल्या इतक्या लोकांकडे वर्क परमिट दिसतं ते कुठून?

मीनाक्षी_देव
@ठोकताळे, कामाचा परवाना म्हणजे ईएडी कार्ड, आणि ते स्टेटस नसतानाही मिळू शकतं. कार्डावर प्रवर्गाचा कोड छापलेला असतो, त्यावरून सगळं कळतं.

सी०८ म्हणजे आश्रयाचा अर्ज प्रलंबित. आय-५८९ (आश्रयाचा अर्ज) दाखल करून १५० दिवस झाले की आय-७६५ (परवान्याचा अर्ज) भरता येतो, आणि १८० दिवस पुरे होईपर्यंत कार्ड देता येत नाही. अर्जदाराने तारीख पुढे ढकलून घेतली की हे घड्याळ थांबतं, आणि थांबलेलं बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने या पहिल्या परवान्याला ५५० डॉलर फी लावली, तीही माफ न होणारी. सी३३ म्हणजे डाका, लहानपणी आणलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं अभय देणारी योजना. ए१२ आणि सी१९ म्हणजे टीपीएस, मायदेशात आपत्ती किंवा युद्ध असलेल्यांना तात्पुरतं संरक्षण. सी१४ म्हणजे इतर डिफर्ड ॲक्शन (हद्दपारीची कारवाई तूर्त पुढे ढकलणं), त्यात आर्थिक गरज दाखवावी लागते.

गाडी हमखास अडते ती नूतनीकरणाला. आधी वेळेत अर्ज केला की जुन्या कार्डाला आपोआप ५४० दिवसांची मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या बहुतेक अर्जांना ती बंद झाली. म्हणजे कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर मालकाला आय-९ ची (कामावर घेताना कामाचा हक्क तपासायचा फॉर्म) फेरतपासणी करून माणसाला कामावरून उतरवावंच लागतं. धागाकर्त्यांच्या "दर तीन वर्षांनी नूतनीकरण"चा विचार या अंगानेही करा. एक कोटी लोकांचं तीन वर्षांनी नूतनीकरण म्हणजे वर्षाला तेहेतीस लाख जादा अर्ज. आजच्या कारभाराला ते झेपणार नाही.

रांगेतला_माणूस
झाला चौथा प्रतिसाद? मग मी येतो.

ज्यांनी नियम मोडला त्यांच्यासाठी योजना, आणि जे एच-१बीवर (कुशल नोकरीचा व्हिसा) येऊन सगळा कर भरून, वेळेत अर्ज करून बसलेत त्यांच्यासाठी काय? नोकरीच्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची ईबी-२ ची (उच्चशिक्षितांच्या ग्रीन कार्डाचा प्रवर्ग) रांग दहा वर्षांच्याही मागे. मुलगा २१ चा झाला की एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वरून बाहेर. त्याला डाकासुद्धा नाही, कारण डाकाची अट अशी की १५ जून २०१२ या दिवशी तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस *नसावं*. म्हणजे आईबापांनी नियम पाळला हाच त्या मुलाचा गुन्हा. यावर धागा कधी निघणार?

खिडकीपाशी
मोजलं. सातवा निघाला. प्रगती आहे.

शब्दखुणा
रांगेतला_माणूस यांचा राग रास्त आहे, पण तो चुकीच्या माणसावर निघतोय. ७ टक्क्यांची मर्यादा कायद्यात आहे, सीमा ओलांडणाऱ्याने ती घातलेली नाही. त्याला हाकलल्याने ईबी-२ ची तारीख एक दिवसही पुढे सरकणार नाही, कारण तो त्या रांगेत उभाच नाही.

उलट ज्या एका विधेयकात दोन्ही प्रश्न सुटत होते ते आठवा. २०१३ चं सिनेटचं एस-७४४, ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालेलं. ३१ डिसेंबर २०११ च्या आधीपासून इथे असलेल्यांना तात्पुरतं स्टेटस, टप्प्याटप्प्याने दंड, आणि दहा वर्षांनी ग्रीन कार्डचा अर्ज, तोही आधीपासून रांगेत असलेल्यांचा निकाल लागल्यावरच. त्याच विधेयकात नोकरीच्या ग्रीन कार्डावरची देशवार मर्यादा काढून टाकली होती. प्रतिनिधी सभेने ते मतालाच घेतलं नाही. म्हणजे "त्यांना काही मिळू देऊ नका" म्हणता म्हणता आपल्या लोकांची रांगही तिथेच राहिली.

रांगेतला_माणूस
एस-७४४ चं मान्य. पण दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या म्हणूनच गाठोडं बुडालं, असंही म्हणता येतं. देशवार मर्यादेचं वेगळं विधेयक आणा, मग बोलू.

हिशेबनीस
१९८६ चा उल्लेख अजून कसा नाही? रेगन यांनी सही केलेला आयआरसीए हा स्थलांतरितांना कायदेशीर करणारा कायदा या सगळ्याचा खरा प्रयोग आहे, आणि विरोधकांचा मुख्य मुद्दा तिथूनच येतो.

त्यात दोन दारं होती. सर्वसाधारण दारासाठी १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून सलग वास्तव्य. शेतमजुरांच्या दारासाठी १ मे १९८६ ला संपणाऱ्या वर्षात ९० दिवस शेतीकाम. दोन्ही मिळून ३० लाखांच्या आसपास अर्ज आले, २७ लाखांना कायम वास्तव्य मिळालं. शेतमजुरांच्या दारात पुरावा ढिला होता, मुकादमाचं शपथपत्र चालायचं. तिथे अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, १३ लाखांच्या घरात अर्ज पडले.

बदल्यात काय ठरलं होतं? बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला शिक्षा. त्यासाठी आय-९ आला. पण आय-९ मध्ये मालकाने एवढंच बघायचं की कागद सकृद्दर्शनी खरा वाटतो की नाही. जास्त खोदकाम केलं तर भेदभावाचा दावा, कमी केलं तरी "मला खरा वाटला" हा बचाव तयार. त्यामुळे माफी लगेच मिळाली आणि अंमलबजावणी कागदावर राहिली. आता "आधी परवाने द्या, तपासणीचं नंतर बघू" म्हटलं तर कोणी का विश्वास ठेवावा?

ठोकताळे
त्यासाठीच ई-व्हेरिफाय आहे ना. सगळ्यांना सक्तीचं करा, विषय संपला.

हिशेबनीस
नाही संपत. ई-व्हेरिफाय ही सरकारी ऑनलाइन तपासणी फक्त नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन योजना) क्रमांक नोंदीशी जुळतात का ते बघते. बनावट क्रमांक पकडला जातो. खऱ्या माणसाचा उसना घेतलेला क्रमांक आरामात पुढे जातो. ॲरिझोनात २००८ पासून सगळ्या मालकांना सक्ती आहे, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा टिकवलाही. तरी अनेक छोटे मालक तपासणी न करताच माणूस ठेवतात, किंवा त्याला नोकर न दाखवता कंत्राटदार दाखवतात. कंत्राटदाराला आय-९ लागतच नाही.

तरी माझं मत सक्तीच्या बाजूने आहे, फक्त क्रम महत्त्वाचा. आधी परवाना, मग सक्ती. उलट केलंत तर माणसं देश सोडून जात नाहीत, नोंदीतून नाहीशी होऊन रोखीच्या कामात जातात.

शिवारकर
चर्चा ऑफिसातल्या लोकांच्या हातात गेलीय, शेताकडे वळवतो. अमेरिकेत पीकशेतीवरच्या मजुरांपैकी साधारण ४० टक्के कागदपत्रांविना आहेत. आणि गंमत अशी की शेतीसाठी वर्क व्हिसा आहे, एच-२ए, आणि त्याला संख्येची मर्यादाच नाही. (एच-२बी या बिगरशेती हंगामी व्हिसाला आहे, वर्षाला ६६,०००.) मग तो का वापरत नाहीत?

कारण प्रक्रिया बघा. कामाच्या तारखेआधी ७५ ते ६० दिवस राज्याच्या कामगार खात्याकडे जॉब ऑर्डर. निदान ४५ दिवस आधी केंद्रीय कामगार खात्याकडे प्रमाणपत्राचा अर्ज. राहायची जागा मालकाने फुकट द्यायची आणि ती आधी तपासून घ्यायची. येण्याजाण्याचा खर्च मालकाचा. कराराच्या तीन चतुर्थांश तासांचं काम किंवा तेवढे पैसे द्यायची हमी. सरकारने ठरवलेला किमान दर. मग आय-१२९ (मालकाने भरायचा व्हिसाचा अर्ज), मग वकिलात. फळ दहा दिवस लवकर पिकलं तर अर्जातली तारीख चुकते आणि माणसं वकिलातीच्या दारात असताना माल झाडावर सडतो. मोठ्या बागायतदाराला हे परवडतं, पन्नास एकरवाल्याला नाही.

दुग्धव्यवसायाला तर तो चालतच नाही. व्हिसा हंगामी कामाचा, आणि गाय बारा महिने दूध देते. तिला हंगाम समजावून सांगणारा वकील अजून जन्मायचाय.

आणि जो मजूर पंधरा वर्षं त्याच शेतावर आहे, त्याला एच-२ए वर आणायचं तर आधी बाहेर पाठवावं लागेल. म्हणजे कलमकसाईंची दहा वर्षं.

मीनाक्षी_देव
शिवारकर, यावरच फार्म वर्कफोर्स मॉडर्नायझेशन ॲक्ट होता. प्रतिनिधी सभेत २०१९ आणि २०२१ असा दोनदा मंजूर, सिनेटमध्ये दोन्हीदा अडकला. मागच्या दोन वर्षांत १८० दिवस शेतीकाम केल्याचा पुरावा दिला की साडेपाच वर्षांचं स्टेटस. पुढे ग्रीन कार्ड हवं असेल तर १,००० डॉलर दंड आणि आणखी चार किंवा आठ वर्षं शेतीतच काम. आधीचा अनुभव दहा वर्षांचा असेल तर चार. बदल्यात शेतीला ई-व्हेरिफाय सक्तीचं. माझ्या मते आतापर्यंतचा सगळ्यात व्यवहारी मसुदा.

शब्दखुणा
व्यवहारी खरा, पण आठ वर्षं एकाच धंद्याला बांधून ठेवण्यात एक जुना रोग आहे. धागाकर्त्यांचा दुसरा प्रश्न अजून अनुत्तरित आहे म्हणून लिहिते.

१९४२ ते १९६४ ब्रासेरो कार्यक्रम चालला. मेक्सिकोतून करारावर मजूर आणायचे, करार ठरलेल्या मालकाशी. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के कापून मेक्सिकोतल्या बँकांत बचत म्हणून ठेवले जायचे. त्यातले पुष्कळांना कधी मिळालेच नाहीत आणि दावे या शतकापर्यंत चालले. तक्रार कोण करणार? तक्रार केली की करार रद्द, करार रद्द की घरी.

आज व्हिसा नसलेल्याची अवस्था त्याहून वेगळी नाही. किमान वेतनाचा कायदा त्यालाही लागू आहे, केलेल्या कामाचे पैसे मागता येतात. पण युनियन केली म्हणून काढलं तर न केलेल्या कामाची भरपाई मिळत नाही, हा २००२ चा सुप्रीम कोर्टाचा हॉफमन प्लॅस्टिकचा निकाल. म्हणजे मालकाच्या दृष्टीने कागद नसलेला माणूस काढून टाकणं स्वस्त. मालकाच्या नावाचा व्हिसा दिलात तर हीच अवस्था सरकारी शिक्क्यासकट चालू राहील. परवाना कामगाराच्या नावावर आणि धंदा बदलायला मोकळीक, हे नसेल तर शेजारच्या नागरिक कामगाराचाही पगार वाढणार नाही.

धोपटमार्गी
शब्दखुणा, पटलं. पण मग विरोधक म्हणतील की ही सरळसरळ ग्रीन कार्डची धाकटी बहीण झाली.

शब्दखुणा
म्हणोत. आहेच.

हिशेबनीस
करांच्या बाजूने थोडं. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसीचा अंदाज: कागदपत्रं नसलेल्यांनी २०२२ मध्ये सगळे मिळून ९,६७० कोटी डॉलर कर भरला, त्यातला २,५७० कोटी सोशल सिक्युरिटीचा, ज्याचं निवृत्तिवेतन त्यांना मिळणार नाही. सगळ्यांना कामाचा परवाना दिला तर वर्षाला आणखी ४,०२० कोटींची भर पडेल, असंही त्यांनी मांडलंय. ही संस्था डावीकडे झुकलेली मानतात, तेव्हा मिठासकट घ्या. पण दिशा बरोबर आहे: परवाना मिळाला की पगार वाढतो आणि रोखीतलं काम कागदावर येतं.

ठोकताळे
आणि खर्च? शाळा, इमर्जन्सी रूम?

हिशेबनीस
बरोबर, तोच तिढा आहे. १९८२ च्या प्लायलर निकालामुळे शाळेत मुलांना कागदपत्रांवरून नाकारता येत नाही, आणि इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला तपासून स्थिर करणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. हा खर्च शहरांच्या आणि राज्यांच्या डोक्यावर. कराचा मोठा वाटा मात्र केंद्राकडे. म्हणून वॉशिंग्टनच्या हिशेबात फायदा दिसतो आणि सीमेजवळच्या काउंटीला तोटा, आणि दोघंही खरं बोलत असतात. कुठल्याही योजनेत दंडाचा काही भाग राज्यांना गेला पाहिजे.

अवलिया_००७
अवांतर: यात भारतीय किती? कोणी सात लाख म्हणतं, कोणी दोन.

कलमकसाई
दोन्ही छापून आलंय. प्यूचा २०२१ चा अंदाज ७ लाख २५ हजार, होमलँड सिक्युरिटीचा २०२२ चा २ लाख २० हजार. दोघांची मोजायची रीत वेगळी. नेमका आकडा सांगणाऱ्याला तो कोणाचा आणि कुठल्या वर्षाचा, एवढं विचारा. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानाने अमृतसरला १०४ जण उतरवले, त्यात महाराष्ट्रातलेही होते. तेव्हा "हा आपला प्रश्न नाही" म्हणायची सोय नाही.

नवखा_२५
पुरावा कसला लागेल? समजा उद्या असा कायदा आलाच तर.

मीनाक्षी_देव
आजवरच्या सगळ्या मसुद्यांत तीनच गोष्टी होत्या: ओळख, अमुक तारखेपासूनचं सलग वास्तव्य आणि काम. ओळखीला पासपोर्ट, संपलेला असला तरी चालवून घेतात. वास्तव्याला तारीख आणि नाव असलेला कुठलाही कागद: भाडेकरार, वीजबिल, दवाखान्याची पावती, मुलांचे शाळेचे दाखले, बँकेचे उतारे, आयआरएसचं (केंद्रीय करखातं) कर-विवरण. डाकाच्या वेळी वर्षागणिक निदान काही कागद असलेल्यांचं सुरळीत झालं. मोठा खंड पडलेल्यांकडे आणखी पुरावा मागितला गेला. ओळखीच्यांची शपथपत्रं हा सगळ्यात कच्चा पुरावा.

करासाठी आयटीआयएन हा क्रमांक १९९६ पासून आहे, डब्ल्यू-७ फॉर्मवर मिळतो. त्याने काम करायचा हक्क मिळत नाही, फक्त कर भरता येतो. एप्रिल २०२५ मध्ये आयआरएस आणि आईस (हद्दपारीची अंमलबजावणी करणारी यंत्रणा) यांच्यात माहिती देण्याचा करार झाला आणि त्यावर कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. त्यामुळे आता लोक विवरणपत्र भरायलाही कचरतात. १९८६ च्या कायद्यात अर्जातली माहिती हद्दपारीसाठी वापरायची नाही असं स्पष्ट कलम होतं. ते नसेल तर नव्या योजनेला कोणी फिरकणारही नाही.

कलमकसाई
यात एक भर, आणि ही फार महाग पडते. आय-९ वर पहिल्या चौकटीत "मी अमेरिकन नागरिक आहे" अशी खूण करून सही केली असेल तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा. ३० सप्टेंबर १९९६ किंवा नंतरच्या अशा दाव्याला ग्रीन कार्डाच्या वाटेवर जवळजवळ माफीच नाही. नागरिकाशी लग्न झालं तरी नाही. उसना क्रमांक वापरलेला एखादे वेळी निभावतो, ही खूण निभावत नाही. नव्या कायद्याने आजवरची बेकायदा नोकरी माफ केली पण ही खूण माफ केली नाही, तर लाखो माणसं पात्र असूनही बाद होतील.

अवलिया_००७
डाकावाल्यांना थेट वर्क व्हिसा द्यायची काहीतरी घोषणा झाली होती ना मागे? तीच तर धाग्याचा विषय.

कलमकसाई
हो, जून २०२४, बायडन सरकार. नवा व्हिसा नव्हता, जुन्याच वाटेवरचे दिवे लावले होते. अमेरिकेत पदवी घेतलेल्या आणि नोकरी मिळालेल्या डाकाधारकांसाठी कलम २१२(डी)(३) ची माफी लवकर द्यावी, एवढंच.

वाट अशी. कंपनी एच-१बीसाठी आय-१२९ भरते. मंजुरी आली की माणूस देश सोडून वकिलातीत मुलाखतीला जातो. अधिकारी दहा वर्षांच्या बंदीवरून आधी नकार देतो आणि माफीची शिफारस सीमा-शुल्क खात्याच्या कार्यालयाकडे पाठवतो. तिथे तीन गोष्टी बघतात: याला येऊ दिल्याने धोका काय, आधीचं उल्लंघन किती गंभीर, आणि यायचं कारण काय. मंजुरी आली की व्हिसा. तोवर माणूस लहानपणी सोडलेल्या देशात बसून, आणि माफी नाकारली तर परतीचा रस्ता नाही.

कोणाला धोका कमी? अठरा वर्षांच्या आतले दिवस बेकायदा वास्तव्यात धरत नाहीत आणि डाका असतानाचेही नाहीत. म्हणून साडेअठराच्या आत डाका मिळालेल्याला आणि नंतर खंड न पडलेल्याला बंदीच लागत नाही, माफीही लागत नाही. शिवाय ॲडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) घेऊन बाहेर गेल्यास ते बंदीच्या अर्थाने "बाहेर जाणं" धरायचं नाही, असा अपील बोर्डाचा २०१२ चा निकाल आहे. तो एका भारतीय दांपत्याच्या प्रकरणातला.

आता मेख. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठी नव्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलर लावले. डाकाधारकाला वकिलातीतूनच यावं लागतं, म्हणजे तो बरोबर याच जाळ्यात येतो. कंपनी एवढे भरणार असेल तर खुशाल जा.

रांगेतला_माणूस
म्हणजे शेवटी आमच्याच रांगेत आले. या, बसा, चहा घ्या. (दिवा घ्या हो.)

धोपटमार्गी
एवढ्या माहितीनंतर माझं मत जरा बदलून मांडतो. व्हिसा नको, देशातच मिळणारं स्टेटस. कामगाराच्या नावावर, मालक बदलता येणारं. तीन नाही, सात वर्षांचं. १९९६ ची बंदी आणि आय-९ वरची खूण दोन्ही माफ. माहितीची गुप्तता कायद्यातच. आणि नागरिकत्व नाही.

हिशेबनीस
अभिनंदन, तुम्ही जवळजवळ डिग्निटी ॲक्टला पोचलात. जुलै २०२५, रिपब्लिकन सालाझार आणि डेमोक्रॅट एस्कोबार. ३१ डिसेंबर २०२० च्या आधीपासून असलेल्यांना, सात वर्षांत ७,००० डॉलर, सरकारी लाभ नाहीत, नागरिकत्वाचा रस्ता नाही, ई-व्हेरिफाय सक्तीचं.

शब्दखुणा
"नागरिकत्व नाही" याला माझा विरोध कायम. एल साल्वाडोरचं टीपीएस २००१ च्या भूकंपांनंतर दीड वर्षापुरतं दिलं आणि वीस वर्षांहून जास्त काळ वाढत गेलं. त्यातली माणसं कर भरतात, घरं घेतात, मुलं नागरिक, आणि दर दीड वर्षाने एका सहीवर टांगलेली. तात्पुरतं हे तात्पुरतं राहत नाही, फक्त मतदानाचा हक्क नसलेला एक कायमचा वर्ग तयार होतो.

हिशेबनीस
आणि माझा पाठिंबा कायम. नागरिकत्व घातलं की मतं निघत नाहीत, एवढं साधं आहे. मतं निघाली नाहीत तर तुमच्या त्या वर्गाला आजच्यासारखं काहीच मिळत नाही.

नवखा_२५
एक एजंट सांगतोय की नवा कायदा येतोय, आत्ता आश्रयाचा अर्ज टाकून ठेवा, सहा महिन्यांत परवाना हातात. खरं का?

कलमकसाई
नाही! असं स्टेटस देणारा कायदा आज अस्तित्वात नाही, त्याचा फॉर्म नाही, फी नाही, "आगाऊ नोंदणी" नाही. आश्रयाचा अर्ज देशात आल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो, ठरावीक अपवाद सोडून. फॉर्मवरची इशाऱ्याची सूचना मिळालेली असताना जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचा निष्कर्ष निघाला तर इमिग्रेशनचे बहुतेक सगळे लाभ आयुष्यभरासाठी बंद. आणि अर्ज फेटाळला गेला, स्टेटस नसेल, तर प्रकरण इमिग्रेशन न्यायालयात जातं, म्हणजे हद्दपारीची सुरुवात स्वतःच्या हाताने. सल्ला घ्यायचाच तर राज्याच्या बारमध्ये नाव असलेल्या वकिलाकडे किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीकडे. "नोटारिओ" पाटी लावलेला वकील नसतो. सही करण्याआधी इंग्रजी अर्ज शब्दन्‌शब्द वाचून घ्या आणि प्रत स्वतःकडे ठेवा.

शिवारकर
मूळ विषयावर एकच. तुम्ही सगळे कट-ऑफ तारखेवरून पटकन पुढे गेलात. १९८६ च्या कायद्यात १९८२ ची तारीख होती, म्हणजे मधल्या पाच वर्षांत आलेले, शेतमजूर सोडले तर, बाहेरच राहिले आणि पुढच्या बेकायदा लोकसंख्येचा पाया तेच झाले. तारीख जुनी ठेवली तर अर्धे लोक अंधारात राहतात.

हिशेबनीस
आणि नवी ठेवली तर विधेयकाची बातमी फुटताच सीमेवर झुंबड. म्हणून तारीख विधेयक मांडायच्या दिवसाच्या आधीचीच हवी. माझ्या मते दोन वर्षं.

शिवारकर
दोन फार. विधेयक मांडल्याचा आदला दिवस ठेवा. वास्तव्याचा पुरावा कडक असला की झुंबडीची भीती उरत नाही.

रांगेतला_माणूस
आणि त्याच विधेयकात ७ टक्के काढा. मग तारीख कुठलीही ठेवा, मी सही करतो.